आधी सूर, मग मौन: थकलेल्या मनासाठी नागपुरातली वाट

"कायले टेन्शन घेऊन राहिला बे? ध्यान कर, गाणे ऐक, बरा होशीन." झोप उडालेल्या माणसाला नागपुरात हा सल्ला चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही फुकट मिळतो. सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण ध्यान करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, गाणं कोणतं, किती वेळ, गोळ्या सुरू असतील तर काय, हे सांगायला कुणी थांबत नाही. चिंतारोग आणि निद्रानाश या दोघांशी माझा बराच काळ संसार झाला आहे. त्या काळात जे विचारत फिरले, ते इथे एका जागी मांडतेय.

माझं म्हणणं मुख्यतः क्रमाबद्दल आहे. आधी डॉक्टर, मग आवाज, मग शांतता. बरेच लोक उलट्या टोकाकडून सुरू करतात. रात्री खोलीचा दिवा घालवून डोळे मिटून बसतात, डोक्यातला गोंगाट दुप्पट ऐकू यायला लागतो आणि "आपल्याला नाही जमत ध्यान" म्हणून उठतात. बिघडलेल्या मनाला शांतता पेलायला वेळ लागतो. सूर त्याआधी पेलता येतो.

१. पहिले डॉक्टर

दोन आठवड्यांच्या वर झोप, भूक, कामातलं लक्ष यांपैकी काही बिघडलेलं असेल, कशातच मन लागत नसेल, छातीत धडधड होऊन घाम फुटत असेल, तर आधी तपासून घ्या. थायरॉइड बिघडला किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस असाच मलूल किंवा बेचैन होतो, आणि त्यावर भैरवीचा उपयोग नाही.

सरकारीत जायचं तर मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) या दोन्ही ठिकाणी मनोविकार विभागाची ओपीडी आहे. मिहानमधल्या एम्समध्येही आहे. शिवाय १८६४ पासून सुरू असलेलं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, ज्याच्या नावानं आपण अजूनही चौकाला 'पागलखाना चौक' म्हणतो. ऑटोवाल्याला तो पत्ता सांगताना घरच्यांचा आवाज कसा खाली जातो ते मी पाहिलंय. गंमत अशी की ज्या सूफी संत ताजुद्दीन बाबांच्या उरुसाला सगळं नागपूर ताजबागेत लोटतं, त्यांनी याच पागलखान्यात कित्येक वर्षं काढली होती, आणि नागपूरच्या राजघराण्यातल्या रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना तिथून मानानं आपल्या वाड्यावर नेलं. तेव्हा त्या फाटकातून आत जायला लाजण्याचं कारण नाही. खासगी डॉक्टर हवे असतील तर धंतोली-रामदासपेठेत पाट्यांची कमी नाही. एवढं बघा: मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो, गोळ्या तोच लिहितो. समुपदेशक बोलून उपचार करतो, गोळ्या लिहीत नाही. पुष्कळदा दोघंही लागतात.

सोबत काय न्यायचं:

- आधार कार्ड आणि जुने केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट
- सध्या सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, बीपी-शुगरच्यासुद्धा. नावं आठवत बसू नका, पट्ट्याच पिशवीत टाका
- आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथी सुरू असेल तर तेही
- एका कागदावर गेल्या आठवड्याची झोप: किती वाजता पडलात, किती वाजता डोळा लागला, कितीदा जाग आली
- शक्य असेल तर घरातलं एक माणूस, कारण आत गेल्यावर निम्मं सांगायचं राहून जातं

आणि उठण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: "मी ध्यान करू का? माझ्या आजारात त्यानं त्रास वाढू शकतो का?" हा प्रश्न पुढे सातव्या पायरीला उपयोगी पडेल.

जीव नकोसा होतोय, स्वतःला काही करून घेण्याचे विचार येताहेत, अशी वेळ असेल तर हा लेख इथेच ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवा. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२ लावा, किंवा मेडिकलच्या कॅज्युअल्टीत जा आणि माणसाला एकटं सोडू नका.

२. सामान

फारसं काही लागत नाही. सरळ पाठीची खुर्ची, फोन, तानपुऱ्याचं एखादं फुकट ॲप, एक वही. महागडा हेडफोन, सुगंधी मेणबत्ती, तिबेटी वाटी यांवर पैसे घालू नका.

तानपुरा यूट्यूबवर लावू नका, ॲपमध्येच लावा. डोळे मिटून कुठे श्वास स्थिरावतोय आणि मध्येच डिटर्जंटची जाहिरात किंचाळते, तेव्हा जे दचकायला होतं ते चिंतेच्या रुग्णाला अर्धा तास पुरतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका. घरातल्यांना "दहा मिनिटं हाक मारू नका" असं आधीच सांगून ठेवा. नाही सांगितलं तर कुकरची शिटी मोजायला तुम्हालाच बोलावतील.

३. गुणगुणा

गाता येत नाही, आवाज चांगला नाही, शाळेत बाईंनी समूहगीतातून काढलं होतं, ही सगळी कारणं इथे गैरलागू आहेत. कुणाला ऐकवायचं नाहीये.

तानपुरा लावा. पुरुषांनी काळी एक किंवा काळी दोन, बायकांनी काळी चार किंवा काळी पाच (हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्यांवरून पडलेली ही सुरांची नावं) धरून पाहावी. घशाला ताण पडला तर खाली या. पाठ सरळ, पाय जमिनीवर, जबडा सैल, ओठ नुसते टेकलेले. नाकानं मनात चार मोजेपर्यंत श्वास घ्या आणि तोंड मिटूनच 'म्' असा गुंजारव करत सहा ते आठ मोजेपर्यंत सोडा. संपला की घाई न करता पुढचा. आपल्या भ्रामरी प्राणायामाचाच हा साधा प्रकार. कान बंद करायचे तर करा, पण तानपुरा ऐकत केलं तर मन भटकल्यावर परत यायला एक जागा राहते.

यात घडतं काय? श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, घेताना किंचित वाढते. सोडणं लांबवलं की शरीराला सैलावणारा व्हेगस हा मज्जातंतू जास्त काम करतो. मिनिटाला साधारण सहा श्वासांपाशी हृदय, रक्तदाब आणि श्वास यांचा ठेका एकमेकांत बसतो. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, घाबरलेला माणूस त्याहून जास्त. 'शांत हो' असं मनाला कितीही बजावा, ते ऐकेलच असं नाही. लांब सूर धरला की श्वासाला लांबावंच लागतं, त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. म्हणून डॉक्टरांनंतर, सरावातली ही पायरी पहिली.

सुरुवातीला पाच मिनिटं पुष्कळ झाली. ओठांवर, नाकाच्या हाडावर, छातीच्या मधल्या हाडावर कंप कुठे जाणवतो तेवढं बघा. हात छातीवर ठेवला तर स्पष्ट कळतो. उन्हाळ्यात तानपुऱ्याचीही गरज पडत नाही, असा माझा अनुभव. एप्रिल ते जून घराघरांत कूलर घरघरत असतो. त्या घरघरीत कान देऊन बसलं की खाली एक जाड, न हलणारा सूर सापडतो. त्याला आपला 'म्' जुळवायचा. जुळला की आवाजातली धुसफूस थांबते आणि दोन्ही एकच वाटायला लागतात. पंपात पाणी कमी झालं की सूर बदलतो, हे मला तेव्हाच कळलं.

सावधगिरी: चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही जोरानं श्वास घेताय. थांबा, नेहमीसारखा श्वास येऊ द्या. दमा असेल, गरोदर असाल, तर श्वास रोखून धरण्याचे प्रकार स्वतःच्या मनानं करू नका. कानाचं किंवा सायनसचं दुखणं असेल तर गुंजारव टाळून मंद 'आ'कार लावा.

४. ऐका, पण ऐकण्याचं काम म्हणून

भांडी घासताना लावलेली गाणी म्हणजे सोबत. तीही हवीच, पण ती वेगळी. इथे दहा-पंधरा मिनिटं नुसतं ऐकायचं. संथ लय निवडा: विलंबित ख्याल, आलाप, बासरी, सरोद, संतूर, तुमच्या आवडीचे अभंग किंवा वंदना. शास्त्रीय कानाला जड जात असेल तर स्वतःवर जबरदस्ती नको. आवडत नसलेलं संगीत औषध म्हणून गिळण्यात अर्थ नाही.

झोपेसाठी ऐकायचं असेल तर रोज तेच, त्याच वेळी, अंथरुणावर पडण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, आवाज बारीक ठेवून. शब्द नसलेलं बरं, कारण शब्द आठवणींना हाका मारतात. निद्रानाशावर संगीताचा काय उपयोग होतो, याचे अभ्यास कोक्रेन या संस्थेनं २०२२ मध्ये एकत्र करून पाहिले आणि रोज संगीत ऐकणाऱ्यांना आपली झोप सुधारल्यासारखी वाटते, असं त्यातून दिसलं. त्याच संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात नैराश्याच्या नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर, निदान पहिल्या काही महिन्यांत, नुसत्या उपचारांपेक्षा जास्त फरक पडतो असं आढळलं. यात 'जोड' महत्त्वाची. आणि संगीतोपचार म्हणजे प्रशिक्षित माणसानं रुग्णाबरोबर बसून केलेलं काम. आपली प्लेलिस्ट म्हणजे संगीतोपचार नाही. ती घरगुती मदत आहे, आणि तशी ती चांगलीच आहे.

दोन सापळे. पहिला, दुःखी गाणी. रडून मोकळं वाटत असेल तर खुशाल ऐका. पण तेच गाणं पुन्हा पुन्हा लावून मन त्याच जखमेभोवती फिरत राहत असेल, ऐकून झाल्यावर आधीपेक्षा जड वाटत असेल, तर ते गाणं काही महिने बाजूला ठेवा. वहीत ऐकण्याआधी आणि नंतर शून्य ते दहा असा बेचैनीचा आकडा लिहा. कोणतं गाणं तुम्हाला बुडवतं ते आठवड्याभरात कागदावरच दिसेल.

दुसरा सापळा जास्त महाग आहे. 'अमुक राग बीपीवर, तमुक राग डिप्रेशनवर' असे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात. रागांना वेळ आहे, भाव आहे, सायंकाळी मारवा ऐकून जी हुरहुर लागते ती खरीच आहे. पण आजार आणि राग यांची अशी जोडी लावून देणारा पुरावा नाही. मला एका क्लासवाल्यानं 'राग-हीलिंग पॅकेज' विकायचा प्रयत्न केला होता, आगाऊ पैसे आणि वर "गोळ्या हळूहळू बंद करून टाकू" हे आश्वासन. जो माणूस तुमच्या गोळ्या बंद करायचं बोलतो आणि डॉक्टर नाही, त्याच्याकडून चप्पल घालून निघा. मग तो गायक असो, योगगुरू असो की नात्यातले काका असोत. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड होते, आजारही उलटू शकतो.

इअरफोन लावून झोपू नका. आवाज मोठा ठेवायची सवयही नको: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, त्यापुढे कानाला धोका.

५. आता बसा

गुणगुणणं अंगवळणी पडलं की ते संपल्यावर लगेच उठू नका. तानपुरा बंद करा आणि दोन मिनिटं तसंच बसा. झालं, हे ध्यान. आवाज थांबल्यावर जी जागा उरते तिथे श्वास आपोआप दिसतो, शोधावा लागत नाही. हळूहळू दोनाची पाच करा, पाचाची दहा. मन पळेल, ते पळणारच. पळाल्याचं लक्षात आलं की परत यायचं, इतकाच व्यायाम आहे.

डोळे मिटल्यावर धडधड वाढत असेल तर उघडे ठेवा, समोर फरशीवर नजर सोडा. आतल्या श्वासाकडे लक्ष दिल्यानं काहींची घबराट वाढते, "श्वास पुरत नाहीये" असं वाटायला लागतं. अशांनी बाहेरचे आवाज ऐकावेत: पोळ्या लाटण्याचा, भंगारवाल्याचा, लांबच्या रेल्वेचा. बसणंच नको वाटत असेल तर चाला. सकाळी लवकर अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्स, तळपाय टेकतो कसा, उचलतो कसा, एवढंच बघत. फुटाळ्याला संध्याकाळी जाऊ नका, तिथे ध्यान भुट्ट्यावरच लागतं. मे महिन्यात सकाळी सातनंतर बाहेर हिंडणं हे ध्यान नाही, ऊन लागणं आहे.

हे सगळं नुसतं श्रद्धेवर नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आठ आठवड्यांचा सजगतेचा (माइंडफुलनेसचा) अभ्यासक्रम सुरू केला, त्यावर तेव्हापासून पुष्कळ संशोधन झालंय. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चिंतारोगाच्या रुग्णांत हा अभ्यासक्रम एस्सिटालोप्राम या नेहमीच्या गोळीच्या तोडीस तोड ठरला. पण बातमीचा मथळा वाचून गोळी सोडण्याआधी बारकावे बघा: ते लोक आठवड्यातून एकदा शिक्षकासमोर बसत होते आणि रोज घरी पाऊण तास सराव करत होते. रोज पाऊण तास! आपण सोमवारी करतो, मंगळवारी लग्न असतं, बुधवारी दमलेलो असतो.

काही आजारांत ध्यान स्वतःहून करायचंच नाही. भास होत असतील, कुणी मागावर आहे असं ठाम वाटत असेल, बायपोलरमध्ये (टोकाचा उत्साह आणि टोकाची उदासी यांच्यात मन हेलकावतं तो आजार) झोप न घेताही उत्साह उतू जात असेल, किंवा अपघात-अत्याचाराच्या आठवणी डोळ्यांसमोर उभ्या राहत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नका. आपण आपल्यापासूनच तुटल्यासारखे, सगळं खोटं-खोटं वाटायला लागलं तरीही थांबा. गुणगुणण्यावर परत या, थंड पाण्यानं तोंड धुवा, कुणाशी तरी बोला.

६. माणसांत जा

एकट्यानं करण्याला मर्यादा आहे. नैराश्य माणसाला घरात कोंडतं, आणि भजनी मंडळाच्या बायका दारात येऊन "चला ना वो ताई" म्हणून घेऊन जातात, हा उपचार कोणत्याही ॲपमध्ये नाही. विदर्भात या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं गाती केली आणि सामुदायिक प्रार्थनेत गाण्याबरोबर मौनालाही जागा दिली. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा आपल्याकडे जागोजाग आहेत. वस्तीतल्या बुद्धविहारात वंदना असते. धंतोलीच्या रामकृष्ण मठात संध्याकाळच्या आरतीनंतर कुणाशी न बोलता बसून राहता येतं. श्रद्धा नसेल तर गाण्याचा क्लास लावा, परीक्षा द्यायची नाही हे गुरुजींना पहिल्या दिवशीच सांगून. अनेकांनी मिळून गाताना श्वास एकाच ठिकाणी घेतला जातो, त्याचाही उपयोग होतो.

लाऊडस्पीकरवाल्या जागरणांपासून मात्र लांब राहा. झोप हेच तुमचं औषध असताना रात्रभर डीजेसमोर भक्ती परवडणार नाही.

७. दहा दिवसांचं शिबिर: सगळ्यात शेवटी

काटोल रोडकडच्या माहुरझरीला 'धम्म नाग' हे विपश्यना केंद्र आहे. विपश्यना म्हणजे श्वास आणि अंगातल्या संवेदना नुसत्या बघत बसण्याचं ध्यान. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं हे दहा दिवसांचं शिबिर आहे. शुल्क नाही, शिबिर पूर्ण झाल्यावर इच्छा असेल तर दान. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, बोलणं नाही, फोन जमा, वाचन-लेखन नाही आणि संगीतही नाही. म्हणजे आतापर्यंत ज्या सुराचा आधार घेतला तोही दारात ठेवायचा. म्हणून ही पायरी पहिली कधीच नको. घरी रोज वीस-पंचवीस मिनिटं सहज बसता येत असेल, आजार काही महिने आटोक्यात असेल आणि डॉक्टर हो म्हणाले असतील, तरच अर्ज करा.

अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात. लपवू नका. "लिहिलं तर घेणार नाहीत" म्हणून कोरं सोडणारे लोक मला भेटलेत, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्रास झाला तर शिकवणाऱ्याला काहीच माहीत नसतं. नाही म्हणाले तर ते तुमच्या भल्यासाठीच असतं.

जाणार असाल तर:

- डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पुरून दोन दिवस उरतील इतक्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. शिबिरासाठी एकही गोळी बंद करायची नाही
- लिथियम (बायपोलरमध्ये देतात ती गोळी) सुरू असेल तर पाणी आणि जेवण यांबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि आपल्याकडच्या उन्हात ते लवकर होतं
- सैल, साधे कपडे, टॉर्च, ओडोमॉस, गजराचं साधं घड्याळ
- थंडीत जात असाल तर शाल आणि मोजे. डिसेंबरात पहाटे चारला शहराबाहेर चांगलंच गारठतं
- घरच्यांकडे केंद्राचा फोन नंबर

नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा आणि फळं मिळतात, रात्रीचं जेवण नसतं. गोळी जेवणानंतरची असेल तर तिची वेळ डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्या. मौन दहाव्या दिवशी सुटतं आणि निघायचं अकराव्या दिवशी सकाळी. त्या दिवशी ऑफिस ठेवू नका, दुसऱ्या दिवशीचीही सुट्टी टाका. काटोल नाक्यावरचा पहिला हॉर्न अंगावर येतो, आणि घरी साठलेले दोनशे मेसेज त्याहून जास्त. फोन संध्याकाळीच सुरू करा. रात्री नेहमीच्या वेळेला गोळी, आणि झोप येत नसेल तर तिसऱ्या पायरीचा 'म्'. पंधरा दिवसांच्या आत डॉक्टरांची एक भेट ठरवून ठेवा, आणि झोपेचा कागद सोबत न्या.